जुनी जावा गेली कुठे? डेस्कटॉपवरील एका अपडेटचा इतिहास

१/ तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा प्रकाशनाच्या तारखांवर लिहिला जातो. परंतु फर्मान निघाल्याची तारीख आणि ते गावात पोहोचल्याची तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. नवे फर्मान पोहोचले म्हणून जुनी वहिवाट मोडली, असेही होत नाही. जावा रनटाइमची कहाणी या दोन्ही गोष्टींचा पुरावा आहे. #थ्रेड

२/ जावाचा जन्म सन मायक्रोसिस्टिम्समधला. १९९१ मध्ये जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी काम सुरू केले, तेव्हा भाषेचे नाव ‘ओक’ होते. २३ मे १९९५ रोजी ती ‘जावा’ या नावाने जगासमोर आली. एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही संगणकावर चालावा, ही तिची प्रतिज्ञा होती.

३/ या प्रतिज्ञेचा भार रनटाइमवर होता. जावाचा प्रोग्राम थेट यंत्राच्या भाषेत न जाता ‘बाइटकोड’ या मधल्या रूपात जातो. प्रत्येक संगणकावर बसवलेला रनटाइम हा दुभाषी तो बाइटकोड त्या त्या यंत्राला समजावून देतो. म्हणजे प्रोग्राम कोणाचाही असो, दुभाष्याला सांभाळण्याचे काम संगणकाच्या मालकाकडे आले.

४/ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘अ‍ॅप्लेट’मुळे हे काम जोखमीचे झाले. संकेतस्थळावरून आलेला अनोळखी प्रोग्राम रनटाइम एका बंदिस्त कुंपणात चालवत असे. कुंपणाला भगदाड पडले की केवळ पान उघडल्याने परका प्रोग्राम संगणकात शिरू शके. म्हणून सुरक्षा-दुरुस्त्या निघत, आणि त्या घरोघरच्या डेस्कटॉपवर बसवाव्या लागत.

५/ विंडोजवर हे काम वरकरणी सोपे होते. कोपऱ्यात सूचना झळके, इन्स्टॉलर उतरवायचा, ‘नेक्स्ट’ दाबत जायचे. मध्येच ‘आस्क’ टूलबारची आधीच टिक केलेली चौकट येई. ती न पाहता पुढे गेलेल्याच्या ब्राउझरवर नको असलेली पट्टी चिकटे. अशा अनुभवातून अनेक जण अपडेटच्या सूचनेकडेच संशयाने पाहू लागले.

६/ खरी मेख ‘कंट्रोल पॅनेल’मधील यादीत होती. तिथे जावा ६ ची अपडेट ३, अपडेट ५, अपडेट ७ अशी बिऱ्हाडे शेजारी शेजारी नांदत. नवी आवृत्ती आली तरी जुनी जागेवरच राही. यामागे कारण होते: काही प्रोग्राम विशिष्ट आवृत्तीवरच चालत. २००८ मधील जावा ६ अपडेट १० पासून नवे अपडेट आधीच्याच्या जागी बसू लागले; त्यापूर्वीची बिऱ्हाडे मात्र तशीच राहिली.

७/ त्यात ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन स्वतंत्र प्रती. एक अद्ययावत केली म्हणून दुसरी होत नसे. जाणकार मनुष्य आधी ब्राउझर बंद करी, यादीतील जुन्या नोंदी एकेक करून काढी, मग नवी प्रत बसवी आणि शेवटी आवृत्तीचा क्रमांक तपासून पाही. बाकीचे लोक ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ या संदेशावर विश्वास ठेवत.

८/ या विलंबाची किंमत २०१२ मध्ये दिसली. ओरॅकलने (सन कंपनी २०१० मध्येच तिच्या ताब्यात आली होती) १४ फेब्रुवारीला एक त्रुटी दुरुस्त केली. मॅकसाठीची जावा मात्र अ‍ॅपल स्वतः वितरित करी. तिची दुरुस्ती ३ एप्रिलला आली. या ४९ दिवसांच्या फटीचा फायदा ‘फ्लॅशबॅक’ने घेतला. सहा लाखांहून अधिक मॅक बाधित झाल्याचे सुरक्षा-संशोधकांनी नोंदवले.

९/ जानेवारी २०१३ मध्ये आणखी एक त्रुटी उघड झाली, तेव्हा अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंदच ठेवण्याचा सल्ला दिला. पण तो सर्वांना पाळता येण्याजोगा नव्हता. भारतात ई-निविदेवर डिजिटल स्वाक्षरी करायची तर ब्राउझरमध्ये जावा लागे. ठेकेदाराच्या कार्यालयातील संगणकावर सुरक्षेपेक्षा निविदेची मुदत जवळची असे.

१०/ डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओरॅकलशी तडजोड जाहीर केली. आयोगाचा आक्षेप नेमका होता: अपडेटमुळे संगणक सुरक्षित होतो असे ग्राहकांना सांगितले गेले, पण जुन्या असुरक्षित प्रती मागे राहतात हे पुरेसे सांगितले गेले नाही. आयोगाच्या म्हणण्यानुसार जावा ८५ कोटींहून अधिक वैयक्तिक संगणकांवर होती. जुन्या प्रती काढण्याचा पर्याय अपडेटच्या वेळीच देण्याचे बंधन कंपनीवर आले.

११/ तोवर तो काळच सरत आला होता. २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने जावा प्लगइनचा आधार काढला. २०१८ च्या जावा ११ पासून ओरॅकलने सामान्य वापरकर्त्यासाठी वेगळा रनटाइम देणे थांबवले. प्रोग्राम बनवणाऱ्यानेच आपला रनटाइम सोबत द्यावा, अशी नवी रीत आली.

१२/ यामुळे घरच्या माणसाची दगदग संपली, हे खरेच. पण दुभाषी आता प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात दडून बसला. तो किती जुना आहे, हे दाखवणारी एकत्र यादी उरली नाही. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ती कंटाळवाणी रांग निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

१३/ भविष्यातील इतिहासकाराला आवृत्त्यांच्या तारखा सहज मिळतील. एखाद्या टेबलावरच्या संगणकात जुनी प्रत नेमकी कोणत्या दिवशी निघाली, हे मात्र क्वचितच कुठे लिहिलेले असेल. त्या संगणकाच्या सुरक्षेपुरता महत्त्वाचा दिवस तोच होता.