ईमच्या नोंदवहीतली फुली

गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणीही 'एयाम' म्हणेल. शेफील्डला बसमध्ये चढताना मीही तेच म्हटलं. चालक गालातल्या गालात हसला. "ईम," तो म्हणाला. मागून सूनबाईही हसली.

सूनबाई शेफील्डचीच. तिच्या आजीनं आयुष्यभर एकच ठेका धरलाय: "आम्ही ईमचे. प्लेगातून वाचलेल्यांचे." त्या वाक्याचा माग काढत सूनबाईनं दोन वर्षं रात्री जागवल्या होत्या. यंदा मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेले, तर तिनं मलाही कामाला जुंपलं.

आदल्याच दिवशी आम्ही मॅटलॉकला जाऊन आलो होतो. ईम ज्यात येतं त्या डर्बीशरचा जिल्हा दफ्तरखाना तिथे आहे. इंग्लंडमध्ये घराण्याचा शोध उलटा चालतो, आजीच्या जन्मदाखल्यापासून मागे मागे. जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ला सुरू झाली. त्या दाखल्यांच्या जोडीला दर दहा वर्षांची खानेसुमारी. १८४१च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पाढ्यात बसवलेली. एक्कावन्नचा माणूस पन्नासचा होतो. जन्मगावाच्या रकान्यात फक्त 'याच काउंटीत का', हो किंवा नाही. १८५१मध्ये मात्र गाव लिहिलं जातं, आणि तिथे आम्हाला आजीच्या घराण्यातला एक एकसष्ट वर्षांचा म्हातारा सापडला होता. धंदा शिशाच्या खाणीत, जन्म ईम.

१८३७च्या मागे गेलं की आधार फक्त चर्चच्या वह्यांचा. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८च्या हुकमानं प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवणं भाग पडलं. त्यामुळे मजुराच्या आठ दिवसांच्या पोरालाही चारशे वर्षांनी नाव आहे. आमच्याकडे कुळवृत्तांत आहेत, पण ते ज्यांना छापणं परवडलं त्यांचे. माझ्या पणजोबांचे दोन भाऊ पुण्याच्या प्लेगात गेले, एवढंच मला ठाऊक. त्यांची नावंसुद्धा घरात कुणाला सांगता येत नाहीत.

मॅटलॉकला दुपारी तीनच्या सुमारास त्या म्हाताऱ्याच्या आईबापांचं लग्न पडद्यावर आलं. साल १७८८. कारकुनानं नवऱ्याचं नाव वळणदार अक्षरात लिहिलेलं आणि त्याच्या मधोमध एक फुली. लिहिता न येणाऱ्यानं केलेली. शाईचा एक फाटा लांबलाय, जणू टाक हातात धरायची सवय नव्हती. सूनबाईनं पडद्यावर बोट ठेवलं, नि तिथला माणूस नजरेनंच 'नको' म्हणाला. त्याआधीच्या वह्यांत हे आडनाव कुठेच नाही. प्लेगाच्या वर्षांत (१६६५-६६) तर नाहीच नाही. अठराव्या शतकात ईमजवळ शिशाच्या शिरा जोरात चालल्या होत्या. गडी आला असणार कामाच्या ओढीनं, प्लेग सरल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी.

म्हणजे आजीच्या बढाईतली हवा गेली. तरी ईम बघायचंच होतं.

गाव डोंगराच्या कुशीत, करड्या दगडी घरांचं. चर्चच्या शेजारच्या घरांना आजही प्लेग कॉटेजेस म्हणतात. १६६५च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स यानं ते शेकोटीपुढे पसरलं. पिसवांना ऊब मिळाली. ७ सप्टेंबरला व्हिकर्सची दफनाची नोंद आहे. पुढच्या चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली.

१६६६च्या जूनमध्ये गावानं स्वतःहून वेस बंद केली, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. पुढाकार पाद्री विल्यम मॉम्पेसन यांचा. पण ते गावात नवखे, लोक त्यांचं ऐकेनात. उपासनेचा नवा कायदा न मानल्यामुळे आधी पद गेलेले जुने पाद्री थॉमस स्टॅन्ली त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा गाव वळलं. मॉम्पेसननी आपली दोन मुलं मात्र आधीच बाहेर पाठवली होती. हे मला खटकतं. बायको कॅथरीन त्यांच्यासोबत राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली, म्हणून राग पुरता धरवत नाही. पुण्यात १८९७ साली गोऱ्या शिपायांनी घरात घुसून माणसं बाहेर काढली, त्याची परिणती २२ जूनला गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीत झाली. इथे लोक आपण होऊन कोंडून राहिले. रोग तोच.

वेशीवरचा दगड पाहिला. त्यात भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर भरून गावकरी नाणी ठेवत, आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून नाणी नेत. मी एका भोकात बोट घातलं. पेरभर गेलं. आत पावसाचं पाणी होतं.

शेवटी रायली ग्रेव्ह्ज. शेतात गोल दगडी भिंत, आत हॅन्कॉक कुटुंबाच्या सात जणांची थडगी. जो तो आपलं माणूस आपल्याच जमिनीत पुरत होता. एलिझाबेथ हॅन्कॉकनं ऑगस्टच्या आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीनं पुरली. भिंतीला टेकून आम्ही डबा खाल्ला. सूनबाई नीट जेवली नाही.

तिथूनच तिनं आजीला फोन लावला. आजी रागावेल अशी तिची अटकळ. खाणकामगार, फुली, परगावचा माणूस, सगळं तिनं एका दमात सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हातारी म्हणाली, "बरं. आणि त्याची बायको कुणाची?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे डोक्यातच आलं नव्हतं.

नवरीचं आडनाव ईममधलं जुनं. पण त्याच नावाच्या दोन मुलींचे बाप्तिस्मे चार वर्षांच्या अंतरानं वहीत आहेत, आणि लग्नाच्या नोंदीत ती कुणाची मुलगी हे लिहिलेलं नाही. नवरीच्या बापाचं नाव त्या वह्यांत १८३७पासून येऊ लागलं. आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावं लागलं.