शाळा सुटल्यावरचा तास

लातुरात घराघरांवरचे अँटेना अंबाजोगाईकडे तोंड करून उभे असायचे. दूरदर्शनचा मनोरा तिकडे होता. वाऱ्याने अँटेना जरा हलला की पडद्यावर मुंग्या. मग एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीपुढे.

"आलं का?"

"नाही, मुंग्याच यायल्यात."

"आता?"

"थांब थांब, हात काढू नको!"

आम्ही नांदेडचे, आजोळ लातूरचं. नांदेडला सहक्षेपण केंद्र गावातच असल्यामुळे चित्र स्वच्छ दिसायचं, तरी टीव्ही बघण्यातली खरी गोडी लातूरच्या मामाकडे होती. रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत गल्लीतली झाडून सगळी पोरं यायची. मामी सतरंजी अंथरून ठेवायच्या. कोणी कोणाला बोलवायचं नाही, कोणी वेळ विचारायचं नाही. वेळ सगळ्यांना पाठ होती, कारण ती सगळ्या देशाची एकच होती.

१९९३ साली 'जंगल बुक' सुरू झालं. मालिका जपानी, गाणं गुलजारांचं आणि शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. त्यानंतर कितीतरी दिवस लातूरची माणसं छताखाली झोपायला धजत नव्हती. मामांनी टीव्ही बैठकीतून उचलून ओसरीवर आणला, वायर खिडकीतून ओढून घेतली. आधी त्यावर मोठी माणसं बातम्या बघायची आणि रडायची. रविवारी मात्र त्याच ओसरीवर पोरांना मोगली बघू दिला गेला. टीव्ही बंद करा म्हणून एकही वडीलधारा बोलला नाही. त्या दिवसांत मुलांच्या कार्यक्रमाचं मोल मला जेवढं कळलं, तेवढं नंतर कधी कळलं नाही.

तेव्हा स्पर्धा नव्हती. निर्मात्याने दूरदर्शनला प्रक्षेपणाचं शुल्क भरायचं आणि जाहिरातींतून ते भरून काढायचं, असा व्यवहार होता. १९९७ च्या सप्टेंबरात 'शक्तिमान' आला तो सुरुवातीला शनिवारी सकाळी आणि मंगळवारी संध्याकाळी. आमची शनिवारची शाळा सकाळची. सुटल्याची घंटा झाली की दप्तर पाठीवर आपटत सगळी पोरं घराकडे पळत सुटायची. पुढे तो रविवारी दुपारी बारा वाजता लागू लागला आणि पळापळ संपली, पण आया वैतागल्या. बाराला जेवायला वाढायचं आणि पोरं तर ताटावर यायला तयार नाहीत.

मराठीत मुलांसाठी काय होतं? मुंबई दूरदर्शनचं 'किलबिल' होतं. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची 'गोट्या' होती. आणि बालचित्रवाणी होती. २७ जानेवारी १९८४ ला पुण्यात सुरू झालेली ही संस्था मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करायची आणि ते दूरदर्शनवरून शाळांपर्यंत जायचे. कितीतरी शाळांत टीव्ही लाकडी कपाटात कुलपात असायचा आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. ते कुलूप उघडलं की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पडद्यावरची मुलं आपल्यासारखी बोलतात, हे बघायला मिळायचं ते तिथेच. २०१७ मध्ये सरकारने बालचित्रवाणी बंद केली. त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग केबल आली. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला सुरू झालं ते अर्ध्या दिवसाचं. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेपाच कार्टून आणि मग त्याच जागी टीएनटीचे इंग्रजी सिनेमे. दुपारच्या शाळेतली पोरं पाचला घरी पोचायची. हातपाय धुऊन टीव्ही लावेपर्यंत टॉम आणि जेरीची शेवटची पळापळ चाललेली असायची आणि ती संपली की थेट काळापांढरा इंग्रजी सिनेमा. २००१ च्या जुलैत ही वाहिनी चोवीस तासांची झाली. त्याआधी, १९९९ मध्ये, निकलोडियनही आलं होतं.

या वाहिन्यांची पहिली लढाई कार्यक्रमांची नव्हतीच, ती केबलवाल्याच्या खोलीत लढली जायची. जुन्या टीव्हीत मोजकीच चॅनेलं यायची. जी वाहिनी पहिल्या आठ-बारा क्रमांकांत, ती घराघरांत दिसायची. जी वरच्या पट्ट्यात टाकली, ती नवा टीव्ही असलेल्यांनाच. म्हणून पुढे वाहिन्या चांगल्या जागेसाठी केबलवाल्यांना कॅरेज फी मोजू लागल्या. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या वजीराबादेतल्या गल्लीची पोरं महिन्याची वर्गणी घ्यायला आलेल्या केबलवाल्या काकांना गाठायची. "काका, कार्टून कुठं गेलं? परवापर्यंत सहावर होतं." काका हसून पावती फाडायचे. बातम्यांची एखादी नवी वाहिनी जास्त पैसे देऊन सहावर येऊन बसलेली असायची.

२००४ हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं वर्ष. १ जानेवारीला पोगो, सप्टेंबरात हंगामा आणि डिसेंबरात डिस्ने वाहिनी व टून डिस्ने. एकाच वर्षात चार वाहिन्या मुलांच्या मागे लागल्या. शाळेतून परतल्यापासून रात्री मोठी माणसं रिमोट ताब्यात घेईपर्यंतचे तीन-चार तास, एवढीच खरी रणभूमी. त्या पट्ट्यात सगळ्यात चालणारी मालिका ठेवायची आणि समोरच्या वाहिनीवर जाहिराती लागतात तेव्हा आपल्याकडे गोष्ट रंगात आलेली असेल असं बघायचं. नवे भाग एप्रिल-मेच्या सुटीसाठी आणि दिवाळीसाठी राखून ठेवायचे. एकच भाग दिवसातून अनेकदा दाखवायचा, कारण मूल पाहिलेलं पुन्हा आवडीने बघतं. जून आला की दप्तरं, वह्या आणि पावसाळी बुटांच्या जाहिराती.

पण ही वेळापत्रकं मुंबईत बसायची, आणि आमच्याकडचं वेळापत्रक वीज मंडळाचं होतं. भारनियमनाच्या त्या वर्षांत मराठवाड्यातल्या गावांनी बारा-बारा तासांचा अंधार पाहिला. पेपरात छापून आलेला भारनियमनाचा तक्ता कापून माझ्या भावाने टीव्हीच्या कपाटाला चिकटवला होता आणि शेजारी पेन्सिलीने कार्टूनच्या वेळा लिहिल्या होत्या. दुपारी चारचा भाग बुडणार, मग रात्री आठला दाखवतात तो बघायचा, असा हिशेब. तेच ते दाखवतात म्हणून आम्ही वाहिन्यांवर चिडायचो, पण त्या पुनःप्रक्षेपणांमुळेच मराठवाड्यातल्या पोरांना गोष्टी पूर्ण बघता आल्या.

प्रेक्षक मोजणाऱ्यांच्या लेखी तर ही पोरं बराच काळ नव्हतीच. टॅमचे मीटर शहरांत होते. बार्कने खेड्यांतले आकडे द्यायला सुरुवात केली ती २०१५ च्या ऑक्टोबरात. म्हणजे मुखेडजवळच्या तांड्यावर किंवा औशाजवळच्या वाडीत एखादं पोर रोज मन लावून कार्टून बघत होतं, ते इतकी वर्षं कोणत्याही वाहिनीच्या हिशेबात नव्हतं.

याहून मोठी गोष्ट भाषेची. सन समूहाने २००७ मध्ये तमिळ मुलांसाठी चुट्टी टीव्ही काढला. २००९ मध्ये तेलुगूसाठी खुशी आणि कन्नडसाठी चिंटू, पुढे २०११ मध्ये मल्याळमसाठी कोचू. मराठीत मुलांची अशी चोवीस तासांची वाहिनी या काळात उभी राहिली नाही. कारण जाहिरातीच्या बाजारात महाराष्ट्र 'हिंदी भाषक बाजारपेठेत' धरला जातो. दक्षिणेची राज्यं वगळली की उरलेला देश हिंदीत खपतो, असं गणित. मराठी मूल हिंदी समजून घेतंच, मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला? या गणिताने आमच्या पोरांच्या तोंडची खेळायची भाषा बदलली. डोरेमॉन आणि शिनचॅन बघून वाढलेली लातूरची मुलं भातुकलीसुद्धा हिंदीत खेळायला लागली. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या घरांत तेलुगू वाहिन्याही दिसायच्या. तिथल्या मुलांना शेजारच्या राज्यातली पोरं आपल्या भाषेत कार्टून बघतात हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

२००८ च्या एप्रिलमध्ये पोगोवर 'छोटा भीम' आला. तो हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने केला. नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद किती तरी जवळ. धोतर नेसलेला, लाडू खाणारा नायक परदेशी कार्टूनांना मागे टाकतो हे त्याने सिद्ध केलं आणि २०१२ मध्ये निकवर 'मोटू पतलू' आले. देशी गोष्ट चालते हे कळलं. मराठी गोष्ट चालेल का, हे कोणी करून बघायला तयार नव्हतं.

खरं तर त्याचं उत्तर मिळून गेलं होतं. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' झालं. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि आमच्या लातूरचा रोहित राऊत. त्या दिवसांत मामाकडे पुन्हा गल्ली जमायची. मामी गल्लीतल्या बायकांचे मोबाइल गोळा करून रोहितला एसएमएस पाठवायच्या, कारण कितीजणींना मेसेज टाइप करता येत नव्हता. फेब्रुवारीतल्या महाअंतिम फेरीला रस्ते ओस पडले होते. महाराष्ट्रभरची मुलं मराठी गाणी ऐकत रात्री जागी होती. मुलांसाठी मराठीत जीव ओतून काही केलं तर घर एकत्र बसतं, याचा एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना मुलांच्या वाहिन्यांनी तो वाचला नाही.

आज अँटेना गेले. प्रसारभारतीने जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद केली. केबलवाल्याकडे सेट टॉप बॉक्स आहे, २०१९ पासून हव्या त्या वाहिन्या निवडून पैसे भरता येतात, काही वाहिन्यांवर मराठी आवाजही मिळू लागला आहे. पण शाळा सुटल्यावरचा तो तास आता कोणाकडेच नाही. माझी भाची लातूरला आठवीत आहे. ती शाळेतून येते आणि लगेच शिकवणीला जाते. लातूर पॅटर्नच्या गावात नीटची तयारी फार लवकर सुरू होते, नांदेडही त्यात मागे नाही. आठ वाजता परतल्यावर ती ताट घेऊन मोबाइल उघडते. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या मोबाइलवर. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा लागतो, तो कोणी निवडला हे त्यालाही माहीत नसतं. वाहिनीचा कार्यक्रम निदान संपायचा, आणि पुढचा भाग उद्या, असं सांगून पोराला अंगणात धाडायचा.

२०२० च्या टाळेबंदीत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली, भाषा मराठी, आणि पडद्यावर मुलं व आईबाप घरातल्याच वस्तू घेऊन शिकताहेत. भाची तेव्हा लहान होती. तिची वेळ झाली की मामी आतून हाक मारायच्या आणि स्वतःही पदराला हात पुसत येऊन बसायच्या.

म्हणून मला वाटतं, सह्याद्रीने संध्याकाळचा एक तास कायमचा मुलांना द्यावा. बालचित्रवाणीने वर्षानुवर्षं जमवलेला साठा आहे, 'टिलीमिली'चे भाग आहेत, पुण्या-मुंबईत आणि आमच्याकडेही ॲनिमेशन शिकलेली हुशार पोरं कामाच्या शोधात आहेत. डीडी फ्री डिशवर ते तांड्यावरच्या घरातही फुकट दिसेल. जाहिराती मिळतील की नाही, हा प्रश्न नंतरचा. 'टिलीमिली'च्या वेळी तो कोणी विचारला नव्हता.