शक्तीची गोळी

बाटली नवी असते तेव्हा फारशी वाजत नाही. महिना सरत येतो, गोळ्या कमी होतात, तसतशी खुळखुळ वाढते. म्हणून मी आत कापूस कोंबते. लेबल तर पहिल्याच दिवशी पाण्यात भिजवून काढून टाकते. पर्समध्ये सापडलीच तर निदान नाव तरी सापडू नये.

एचआयव्हीची औषधं देणारं जवळचं एआरटी सेंटर सोडून मी दीड तासावरचं धरलंय, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तिथंही भेटलंच. आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ. दोघांनीही एकदमच भिंतीवरचं पोस्टर वाचायला घेतलं. आता गावात समोर आले की ते ‘बरं आहे ना?’ विचारतात. इतकं खरं ते मला दुसरं कोणी विचारत नाही.

2004 च्या एप्रिलपासून सरकार ही औषधं मोफत देऊ लागलं. आता दिवसाला एकच गोळी. ती न चुकवता घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तसाच राहिला, की शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. माझा गेली पाच वर्षं सापडत नाही.

मग सांगायला भीती कसली? साखर निघाली म्हणून कोणी डोळे बारीक करून ‘कशी काय झाली?’ विचारत नाही. इथं पहिला प्रश्न तोच. ‘नवऱ्याकडून’ म्हटलं की माझी सुटका होते, आणि गेलेल्या माणसाचा पुन्हा पंचनामा सुरू होतो. तेही नको वाटतं. माणूस वाईट नव्हता हो.

एचआयव्हीबद्दल 2017 चा कायदा आहे. कोर्टाचा हुकूम सोडला तर संमतीशिवाय हे उघड करायला कुणी भाग पाडू शकत नाही. नोकरीच्या ठिकाणी त्याचा आधार वाटतो. पण भावजयीच्या नजरेला कुठलं कलम लावणार?

सांगितलं ते फक्त धाकट्या बहिणीला, मेथी निवडता निवडता. तिचा हात थांबला. म्हणाली, “ताई, परवा बाळ्या तुझ्या ताटात जेवला गं.” मी म्हटलं, जेवणातून होत नाही. तिला पटलं, पण पटायला लागलेला तो वेळ माझ्या अजून लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी तिनं पोराला माझ्याच ताटात बसवलं. मुद्दाम बसवलं, हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं.

आईला सांगितलेलं नाही. तिला ही शक्तीची गोळी वाटते. रात्री नऊ वाजले की आतल्या खोलीतून तिचीच हाक येते, “गोळी घेतलीस का गं?”