संथ गतीचे सामर्थ्य

वेग हा आजच्या जीवनाचा परवलीचा शब्द होऊन बसला आहे. नव्या मोटारीची जाहिरात वाचावी, तर ती किती सेकंदांत किती वेग गाठते हेच तीत ठळक अक्षरांत छापलेले आढळते. परंतु सावकाश चालता येणे हेही यंत्राचे एक मोठे बळ आहे, आणि प्रसंगी त्यावर एखाद्या गरीब कुटुंबाचे सुखदुःख अवलंबून असते, हे मात्र कोणतीही जाहिरात सांगत नाही. हा धडा मला शाळेच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर आमच्या इंदुरातील बडा गणपतीजवळच्या एका लहानशा गॅरेजात मिळाला.

बडा गणपती इंदूरकरांना ठाऊक नाही असे कसे होईल? १९०१ साली पूर्ण झालेली ही बैठी मूर्ती सुमारे २५ फूट उंच आहे. विटा, चुना, गूळ आणि मेथीदाणे यांचा उपयोग करून ती घडविली असे सांगतात. तिला शेंदराचा चोळा चढवावयाचा म्हणजे एका दिवसाचे काम नव्हे; त्याला कित्येक दिवस लागतात. अशा या महाकाय देवाचे वाहन कोणते, तर उंदीर! लहानपणी मी आजीला विचारीत असे, “आजी, एवढासा उंदीर एवढ्या मोठ्या बाप्पाला कसा गं नेतो?” आजी हसून म्हणे, “दमादमाने नेतो, बाळ.” त्या उत्तराने माझे तेव्हा समाधान होत नसे. आज मात्र त्यात यंत्रशास्त्राचे एक तत्त्व दडलेले आहे असे मला वाटते.

माझे काका पशुवैद्य आहेत. महूच्या पलीकडे माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि विंध्याचा उतार निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. अहिल्याबाईंच्या काळचा जाम दरवाजा याच कड्यावर उभा आहे. मुख्य रस्ता आता चांगला झाला आहे. परंतु त्याला फुटणाऱ्या आडवाटांवर ज्या वस्त्या आहेत, त्यांच्या नशिबी अद्यापि दगडधोंडे आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल हेच आहे. त्या वस्त्यांतील गाईम्हशी हे काकांचे रोगी, आणि एक जुनी जिप्सी हे काकांचे वाहन.

जपानच्या सुझुकी कंपनीने १९७० साली ‘जिम्नी’ नावाची चिमुकली चारचाकी काढली. तिचे इंजिन जेमतेम ३५९ घन सेंटिमीटरचे होते. तिच्याच वंशातील पुढची गाडी १९८५ साली ‘मारुती जिप्सी’ या नावाने भारतात अवतरली. पहिल्या जिप्सीचे इंजिन ९७० घन सेंटिमीटरचे होते; १९९६ साली तिची जागा घेणाऱ्या ‘जिप्सी किंग’चे इंजिन १२९८ घन सेंटिमीटरचे झाले. सामान्य ग्राहकांसाठी ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, तरी सैन्यातून, पोलिसांतून आणि ताडोबा, कान्हा यांसारख्या अभयारण्यांतून तिने केलेली सेवा लोक विसरलेले नाहीत. काकांची गाडी जिप्सी किंग आहे. तिची रुंदी दीड मीटरहून थोडीच अधिक. त्यामुळे जिथे मोठी गाडी वळतसुद्धा नाही, तिथे ती सहज शिरते.

काही वर्षांपूर्वी पोटाला दगड लागू नयेत म्हणून काकांनी गाडीला मोठी चाके बसविली. मूळच्या चाकाचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, नव्याचा ७३३. गाडी उंच झाली, दगड लागेनासे झाले. पण एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. चाक मोठे झाले म्हणजे एका फेऱ्यात ते अधिक अंतर कापते. अर्थात तेवढ्याच फेऱ्यांत इंजिनाला गाडी जवळजवळ दहा टक्के अधिक पुढे ओढावी लागते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. खड्या चढणीवर, दगडांवरून पाऊल पाऊल चढताना मात्र गाडी हवी तितकी सावकाश चालत नाही. मग क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो, आणि क्लचची प्लेट घासून तापते.

गेल्या वर्षी जून महिन्यात नेमके हेच घडले. पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी टोचाव्या लागतात. लस बर्फाच्या पेटीत थंड ठेवावी लागते. ती तापली की निरुपयोगी होते. पेटी गाडीत होती, मीही सुट्टी म्हणून काकांबरोबर गेले होते. शेवटच्या वस्तीच्या चढणीवर करपट वास आला, गाडी जागीच गुरगुरत राहिली आणि थांबली. क्लचची प्लेट जळाली होती. पेटीतील बर्फ वितळू लागला होता आणि वस्ती दीड तासाच्या वाटेवर होती. नाइलाजाने आम्ही परत फिरलो. गाडी ओढून आणावी लागली. ती दुरुस्त होईतो पाऊस लागला आणि वाट बंद झाली.

पुढे श्रावणात त्या वस्तीवर घटसर्पाने तीन म्हशी दगावल्या. त्यांपैकी एक म्हातारीची होती. त्या म्हशीच्या दुधावर तिचे घर चालत असे. काका पायी वर गेले, तेव्हा ती त्यांना एक शब्दही बोलली नाही; तिने त्यांना पाणी दिले एवढेच. घरी आल्यावर काका म्हणाले, “ती रागावली असती, तर बरे झाले असते.” त्या रात्री ते जेवले नाहीत.

गाडी विकून नवी मोठी गाडी घ्यावी, असे कोणी सुचविले. कोणी म्हणाले, इंजिनच मोठे बसवा. काका बडा गणपतीजवळच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेले. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली, चाकांकडे पाहिले आणि आपल्या इंदुरी हिंदीत म्हणाले, “डॉक्टरसाब, इंजन में ताकत की कमी नहीं है. दाँतों का हिसाब बिगड़ गया है.”

हा दातांचा हिशेब म्हणजे काय, ते त्यांनी मला जमिनीवर खडूने काढून दाखविले. दहा दात्यांचे चक्र वीस दात्यांच्या चक्राला फिरवू लागले, तर लहान चक्राचे दोन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. वेग निम्मा होतो. पण फिरविण्याचे बळ दुप्पट होते. हे बळ कोठून आकाशातून पडत नाही. वेग देऊन बळ विकत घ्यावयाचे, असा हा रोखीचा व्यवहार आहे. गिअरची सायकल असलेल्या मुलांना हा अनुभव रोजचाच आहे. चढ आला की ती मागच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवितात, पाय भराभर फिरतात आणि सायकल हळूहळू चढते.

जिप्सीत नेहमीच्या गिअरबॉक्सखेरीज आणखी एक पेटी असते. तिला ‘ट्रान्स्फर केस’ म्हणतात. ती गिअरबॉक्सच्या मागे, स्वतंत्रपणे, रबरी आधारांवर टांगलेली असते. इंजिनाकडून आलेले बळ मागच्या आणि पुढच्या चाकांना वाटून देणे हे तिचे काम. तिच्या लहान दांड्याने चालक ‘हाय’ किंवा ‘लो’ अशी निवड करतो. जिप्सी किंगच्या पेटीत ‘हाय’चे प्रमाण १.४०९ आणि ‘लो’चे २.२६८ आहे. म्हणजे ‘लो’मध्ये पेटीत शिरणाऱ्या दंडाचे २.२६८ फेरे होतात, तेव्हा बाहेर पडणाऱ्याचा एक होतो. जुन्या ९७० घन सेंटिमीटरच्या जिप्सीचे इंजिन दुबळे, म्हणून तिच्या पेटीत दातांची जुळणी अधिक संथ ठेवलेली होती: ‘हाय’ १.५८० आणि ‘लो’ २.५११. मिस्त्रींचा उपाय एवढाच होता, की त्या जुन्या, दुबळ्या गाडीची पेटी या नव्या गाडीत बसवावयाची. परदेशांत ४.१६ आणि ४.८९ प्रमाणाचेही ‘लो’ गिअर विकत मिळतात. काकांनी त्यांची चौकशी केली. परंतु मिस्त्रींनी मान हलविली. पेटीत बळ वाढले, की पुढच्या दंडांवर आणि आसांवर ताणही तेवढाच वाढतो. गरजेपुरतेच घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. शिवाय हिशेब पाहा: चाकाने जवळजवळ दहा टक्के नेले होते, आणि जुनी पेटी ‘लो’मध्ये सुमारे अकरा व ‘हाय’मध्ये सुमारे बारा टक्के परत देत होती. जणू ती याच दुखण्यासाठी घडविली होती!

आता अशी पेटी शोधणे आले. भंगाराच्या दुकानातील विक्रेता प्रत्येक पेटी जुन्या जिप्सीचीच आहे असे शपथेवर सांगत असे, आणि तेलाने माखलेल्या साऱ्या पेट्या मला तरी सारख्याच दिसत. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी पेटीच्या दोन्ही टोकांच्या चकत्यांवर खडूची एकेक रेघ ओढली आणि मला म्हणाले, “गिनो, बेटा.” मी एक टोक हाताने फिरवू लागले आणि दुसऱ्या टोकाची रेघ मोजू लागले. ‘हाय’मध्ये सात फेऱ्यांना पाच फेरे मिळाले, तर ती पेटी नव्या गाडीची, आठ फेऱ्यांना पाच मिळाले, तर जुन्या गाडीची. ‘लो’मध्ये नवीचे नऊ फेऱ्यांना चार, जुनीचे पाच फेऱ्यांना दोन. पहिल्या दोन पेट्यांनी सातालाच पाच दिले. तिसरीने आठाला पाच दिले, तेव्हा झालेला आनंद मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. विक्रेत्याच्या शपथेपेक्षा खडूची रेघ अधिक विश्वासाची ठरली.

पेटी उघडून धुतली, झिजलेले बेअरिंग आणि तेल अडविणारी सीले बदलली, क्लचची नवी प्लेट बसविली, नवे गिअर ऑइल भरले. जॅकवर चढविलेल्या गाडीखाली निजून मिस्त्रींनी ती जड पेटी छातीवर पेलून जागी टांगली, तेव्हा त्यांचे वय माझ्या आजोबांएवढे आहे, हे कोणाला खरे वाटले नसते.

दहा-अकरा टक्के म्हणजे काही चमत्कार नव्हे. गाडी कड्यावरून उडी मारू लागली, असे मी सांगणार नाही. तीच मोठी चाके असताना पूर्वी ज्या इंजिनगतीला हमरस्त्यावर ८० किलोमीटरचा वेग मिळे, त्या गतीला आता सुमारे ७१ मिळतो. तेवढे मोल द्यावेच लागले. परंतु या वर्षी जूनमध्ये त्याच चढणीवर काकांनी ‘लो’ आणि पहिला गिअर टाकला, क्लचवरून पाय काढून घेतला, आणि गाडी एकेका दगडावर चाक ठेवीत, जणू विचार करीत, वर चढली. करपट वास आला नाही. बर्फ शाबूत असतानाच आम्ही वस्तीवर पोहोचलो.

खरी परीक्षा उतरताना झाली. लोकांना वाटते, संथ गिअर चढण्यासाठी असतो. काका म्हणतात, तो उतरण्यासाठी अधिक असतो. उतारावर केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ते तापून ढिले पडतात. संथ गिअरमध्ये मात्र ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. काकांनी सारा उतार ब्रेकला क्वचितच स्पर्श करून उतरविला.

याच सुझुकीच्या वंशातील एक सुधारलेली गाडी चिलीच्या दोन धाडसी वीरांनी २००७ साली ओखोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंचीपर्यंत नेली. तो जागतिक विक्रम होता, आणि त्याचे कौतुक व्हावयासच हवे. काकांच्या चढणीची कोठे नोंद होणार नाही. पण त्या दिवशी वस्तीवरील एकूण एक जनावराला लस टोचली गेली, आणि त्यांत म्हातारीने उसनवारी करून आणलेली एक वगारही होती. टोचताना म्हातारीने स्वतः तिचे कान धरले होते. काम आटोपल्यावर तिने काकांना विचारले, “पुढच्या वर्षीही याल ना?” काका एवढेच म्हणाले, “गाडी येते आता.”

विद्यार्थिमित्रहो, आपल्यांतही काहींचे इंजिन मोठे असते, काहींचे लहान. लहान इंजिनाने मोठ्याच्या वेगाचा हेवा करीत क्लच जाळीत बसू नये, आणि मोठ्यानेही चढणीवर वेगाचा हट्ट धरू नये. चढण कोणती, भार किती, हे पाहून ज्याने त्याने आपल्या दातांचा हिशेब करावा. आणि तो हिशेब दुसऱ्याच्या शपथेवर न सोडता, खडूची रेघ ओढून स्वतः मोजून पाहावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ११ वी