अक्षर मोठं करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची साथ सोडली. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षा-मॉड्यूल आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले धडधाकट पीसी एका दिवसात म्हातारे ठरले. असे पीसी माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांवर बहुधा लिनक्स मिंट टाकतो. फुकट आहे, नवख्याच्या लवकर अंगवळणी पडते, आणि २ जीबी रॅमवरही चालते. ४ असली तर बरं.

नंतर फोन येतात ते दोनच तक्रारींचे. ‘अक्षरं फार बारीक दिसतात हो’ आणि ‘मशीन स्लो चालतंय’. लोक त्या वेगवेगळ्या सांगतात. पण बऱ्याचदा दुसरी तक्रार पहिलीवरच्या उपायातूनच जन्माला आलेली असते.

अक्षर मोठं करायला माणूस आधी रिझोल्यूशन कमी करतो. एलसीडी पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात. १९२० × १०८०च्या पडद्याला १२८० × ७२० सांगितलं की एका ठिपक्याचं चित्र दीड ठिपक्यात बसवावं लागतं, आणि अर्धा ठिपका तर नसतोच. मग कडा पुसट होतात. इंग्रजी मजकूर यातून कसाबसा निभावतो. मराठीत अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार विरघळतो, ‘घ’ आणि ‘ध’ जुळे भाऊ होतात. डोळे दुखतात ते यामुळे, बारीक अक्षरामुळे नव्हे.

कधीकधी रिझोल्यूशन कुणी कमी केलेलंच नसतं. ते १०२४ × ७६८च्या वर जातच नाही. जुन्या व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटर आपली मापं संगणकाला कळवतो. यांतली एक वाकली की संगणक अंदाजाने काम भागवतो. घरातला उत्साही भाचा मग टर्मिनल उघडून ‘सीव्हीटी’ कमांडला १३६६ × ७६८ मागतो, आणि ती त्याच्या हातात १३६८ ठेवते, कारण तिला आठने भाग जाणारी रुंदीच चालते. कमांडच्या नादी लागण्याआधी केबल बदलून बघावी.

याच भाच्याचा दुसरा पराक्रम म्हणजे फ्रॅक्शनल स्केलिंग. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ते सापडतं. १२५ टक्के केलं की सगळं छान मोठं दिसतं आणि घरचे खूश होतात. पण आत काय होतं? पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स-११ प्रणालीत आधी सगळं दुप्पट आकारात, ३०७२ × १७२८च्या पटावर रंगवलं जातं आणि मग आक्रसून पडद्यावर बसवलं जातं. म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपक्यांऐवजी ५३ लाख. चार माणसांचा स्वयंपाक करायचा आणि दहा माणसांची कणीक मळायची, असला प्रकार. प्रोसेसरमधल्या जुन्या ग्राफिक्सला हा भार झेपत नाही. खिडकी ओढली की ती मागून फरफटत येते. यामुळे वेग घटेल असा इशारा तिथेच दिलेला असतो, पण तो वाचतो कोण!

मी रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापावर ठेवतो, स्केलिंग १०० टक्के, आणि फॉन्टच्या सेटिंगमध्ये जाऊन मजकुराचा गुणक १.० वरून १.२ करतो. एक्सएफसीई आवृत्ती असेल तर डीपीआय ९६ वरून ११५. अक्षर तेवढं वाढतं, प्रोसेसरला जवळपास पत्ताही लागत नाही. ब्राउझरची झूम वेगळी वाढवावी.

एवढं करूनही पडदा अडखळत असेल तर सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सची ओळ बघा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर ग्राफिक्स चिप रिकामी बसली आहे आणि सगळी रंगरंगोटी प्रोसेसर एकटा करतोय. इफेक्ट बंद करून थोडा दिलासा मिळेल, पण आधी ड्रायव्हर मॅनेजर उघडा. आणि इन्स्टॉल करताना ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवणारा ‘नोमोडसेट’चा पर्याय लावला होता का, तेही तपासा.

पीसी सुरू व्हायलाच दोन-दोन मिनिटं लागत असतील तर डिस्प्लेच्या वाटेला जाऊ नका. आत फिरती हार्ड डिस्क असणार. तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवून घ्या.