गुडघ्यामागची गाठ

आपल्या घरांत बायकांच्या गुडघेदुखीला कोणी आजार म्हणत नाही. ‘वय झालं’ म्हणायचं आणि तेल चोळायचं. पण गुडघ्यामागे गाठ हाताला लागली की सगळं घर गप्प होतं. इंदापूरला आमच्या सासूबाईंना लिंबाएवढी गाठ लागली, तेव्हा त्यांच्या मनात एकच शब्द होता आणि तो त्या उच्चारत नव्हत्या.

बारामतीला नेलं. आधी उभं राहून एक्स-रे काढला. अंगाचा भार पडल्यावरच सांध्यातली फट खरी कळते. एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. म्हणून फट किती उरली यावरून झीज ओळखतात. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये शून्य ते चार अशा पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरतात. सासूबाईंची तिसरी.

मग सोनोग्राफी. गाठ पाण्याची निघाली. हिला बेकर सिस्ट म्हणतात. लंडनचे सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ मध्ये तिचं वर्णन केलं. सांधा झिजला की आत पाणी जास्त सुटतं, मागच्या पिशवीत शिरतं आणि सहजासहजी परतत नाही. नुसतं पाणी काढलं तर पुन्हा भरू शकतं, कारण मूळ सांध्यात असतं.

आतली गादी फाटली आहे का, हे बघायला एमआरआय झाला. यात एक्स-रेचे किरण नसतात, चुंबक असतो. म्हणून बांगड्या, पिना सगळं उतरवावं लागतं; पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. ठकठक आवाजात सासूबाई मनात णमोकार म्हणत पडून राहिल्या.

रिपोर्ट लांबलचक आला, आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, “फोटोला नाही, माणसाला औषध देतात.” अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला, एक्स-रेत झीज न दिसलेल्या, पन्नाशीपुढच्या ७१० जणांचे एमआरआय काढले, तर ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड दिसला. दुखणं नसलेल्यांतही दिसला.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. सामायिकाला ४८ मिनिटं खाली मांडी घालून बसता येईल का? त्यासाठी त्या ऑपरेशनलाही तयार होत्या. पण सांधा बदलला तरी खाली मांडी घालायला सहसा नकोच म्हणतात. हे ऐकून त्यांचे डोळे भरले. आता त्या मांडीचे व्यायाम करतात, वजन सांभाळतात आणि सामायिकाला खुर्चीवर बसतात. पहिले काही दिवस मंदिरात मागच्या भिंतीशी बसायच्या, हल्ली सगळ्यांबरोबर बसतात.

मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली तर चोळू नका. गाठ फुटली तरी आणि शिरेत रक्त गोठलं तरी पाय सारखाच दिसतो, आणि दुसरं जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीत दोन्हींतला फरक कळतो.