नकारातला 'न'

संधी आणि समास यांचा संबंध शाळेतल्या चार-पाच गुणांपुरता, असेच आपल्यापैकी बहुतेक जण धरून चालतात. पण परमुलखात अवचित गाववाला भेटावा, तशी ही मंडळी कधीकधी परक्या भाषेत भेटतात.

मला ती फ्रेंचच्या तासाला भेटली. सरांनी फळ्यावर दोन विशेषणे लिहिली. एकाचा अर्थ 'असमर्थ', दुसऱ्याचा 'अनुपयोगी'. दोहोंच्या आरंभी आय आणि एन ही दोनच रोमन अक्षरे. नकाराचा उपसर्ग तोच. सरांनी पहिला शब्द वाचला 'अँकापाब्ल' आणि दुसरा 'इनुतिल'. उपसर्ग एकच, पण पहिल्यात तो नाकात विरून गेला, दुसऱ्यात 'न' खणखणीत ऐकू आला!

नियम सोपा आहे. उपसर्गापुढे व्यंजन आले की बहुधा 'न' वेगळा उच्चारला जात नाही. आधीचा स्वरच अनुनासिक होतो. पुढे स्वर आला की 'न' त्याला जाऊन बिलगतो. कोशकार अर्थासाठी 'इन्' आणि 'उतिल' अशी फोड करील. जीभ मात्र इ-नु-तिल असेच तोडते. (यातल्या 'उ'साठी ओठ गोल करून जीभ 'ई'च्या जागी ठेवावी लागते!) 'अमानुष' या अर्थाचा शब्द तर याहून गमतीचा. त्यातला एच मुका, म्हणून 'न' त्याला ओलांडून पुढच्या स्वराला भेटतो: इ-नु-मँ. शेवटचा 'न' मात्र नाकातच राहतो, आणि विशेषण स्त्रीलिंगी झाले की तोही मोकळा होतो: इ-नु-मेन.

हा तर आपला नञ् समास! व्यंजनापुढे 'अ': असमर्थ. स्वरापुढे 'अन्': अनुपयोगी. आणि म्हणताना आपणही 'अन्-उपयोगी' म्हणत नाही. अ-नु-प-यो-गी असेच म्हणतो. यात आश्चर्यही नाही. संस्कृतचा 'अन्' आणि फ्रेंचला लॅटिनकडून मिळालेला 'इन्' हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे वंशज आहेत.

मी कला शाखेत फ्रेंच घेतल्यापासून आमचे मामा भेटतील तेव्हा एकच प्रश्न विचारतात, "याचा उपयोग काय रे?" या प्रश्नाला नोकरीच्या भाषेत देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नाही. गेल्या खेपेस मी त्यांना हे दोन शब्दच सांगितले. मामा एके काळचे संस्कृतचे विद्यार्थी. त्यांनी बोटांवर मोजत 'अ-नु-प-यो-गी' म्हटले, मग 'इ-नु-तिल'. पुन्हा एकदा म्हटले. चहा निवत होता, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते.

"बरं," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आता 'अनंत'ला काय म्हणतात ते सांग."